घ की ध

काकांनी अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. एका मोठ्या रुग्णालयाच्या सहा लिफ्ट त्यांच्या ताब्यात होत्या, आणि कुठली कशी कुरकुरते ते जेवताना तोंडाने काढून दाखवायचे. घाबरणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. "जो मेकॅनिक घाबरत नाही त्याच्या लिफ्टमध्ये बसू नये," असं ते म्हणत. लिफ्टची पेटी एका दोरावर टांगलेली नसते, पाच-सहा दोर असतात, एक तुटला तर बाकीचे धरतात, हे त्यांनी मला मी सात वर्षांची असताना समजावलं. त्यांना वाटलं मला धीर येईल. मी पुढे कित्येक महिने जिन्यानेच गेले.

घरी त्यांचा जीव सिनेमांत. मधल्या खोलीत भिंतभर कपाट आणि त्यात तेराशेच्या वर सिनेमे. आधी कॅसेटी, मग सीडी, मग डीव्हीडी. लढाईचे, खुनाचे, कोर्टाचे, परग्रहावरचे, प्राण्यांवरचे, नुसत्या गाण्यांचे. ज्यांना एकमेकांचं तोंड बघायला आवडलं नसतं असे सगळे सिनेमे तिथे मांडीला मांडी लावून बसलेले. प्रत्येकाच्या पाठीवर काकांच्या हातचं एक अक्षर आणि आकडा. यु म्हणजे युद्ध, र म्हणजे रहस्य, भ म्हणजे भयपट, मा म्हणजे मारधाड, ध म्हणजे धमाल. आणि घ म्हणजे घरचं, आपण स्वतः काढलेलं: माझं रांगणं, बाबांचा पोहायला शिकतानाचा फजितवाडा.

प्रत्येक सिनेमाच्या दोन प्रती. एक कपाटात, दुसरी आमच्या घरच्या माळ्यावर. तिला ते 'दुसरा दोर' म्हणत. मी आता लोकांची माहिती सांभाळून ठेवणाऱ्या कंपनीत काम करते आणि याच गोष्टीचा पगार घेते. पण मला ती शिकवली एका लिफ्टवाल्याने.

आणखी एक सवय होती. अक्षर कळल्याशिवाय ते कुठलाही सिनेमा बघायला बसत नसत. कोणी टीव्हीवर काही लावलं की दारातूनच विचारायचे, "अक्षर कुठलं?" भ असेल तर चहाचा कप घेऊन आरामात बसत, भुतांना हसत. "भ सांगितलं की मी भ साठी बसतो. न सांगता अंगावर आलेलं मला चालत नाही." काकू त्यावर म्हणायच्या, "माझ्या कपाळावर कुठलं अक्षर बघून लग्न केलंत?"

काकू जाऊन एकोणीस वर्षं झाली.

या वर्षी काकांना काचबिंदू निघाला, आणि तो बराच पुढे गेलेला. "दार अर्धवट उघडून अडकलेल्या लिफ्टमधून बघतोय असं वाटतं," ते म्हणाले. "मधे एक फट. बाजूला काही नाही." डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, आणि सोबत एक वाक्य: गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायचा प्रयत्न आहे, पण तीही जाऊ शकते. ऑपरेशनला नऊ दिवस होते. त्यांनी मला फोन केला.

"इंजिनीअरबाई, रजा काढ. सगळं एका डबीत भरून दे."

"एका?"

"दोन. वेडी आहेस का?"

मी दोन हार्ड डिस्क घेऊन गेले. प्रत्येक कॅसेटच्या पाठीचा फोटो काढला आणि फोटोतलं अक्षर-आकडा वाचून यादी करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. संध्याकाळपर्यंत तेराशे नोंदी तयार. मला स्वतःचं कौतुक वाटलं, ते लपवावंसंही वाटलं नाही. काय टाकायचं ते काकांनी खुर्चीतून सांगितलं. "धमालच्या कॅसेटी दे भंगारात. हसायला कुठेही मिळतं." यादीत ध च्या चौसष्ट होत्या. 'ध ११' दोनदा आलं होतं. मला वाटलं, दुसरा दोर चुकून इकडेच राहिला असेल. यादी बघत मी चौसष्ट कॅसेटी खोक्यात भरल्या आणि शनिवारी सकाळी खोकं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं.

रविवारी सकाळी मी चहा करत होते. मधल्या खोलीतून काकांचं मोजणं ऐकू येत होतं. ते हल्ली बोटांनीच बघत. आठ, नऊ, दहा. मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा आवाज बदलला.

"घ अकरा कुठे ठेवलीस?"

"घ दहाच आहेत, काका. यादीत दहाच आल्या."

"यादी कोणी केली?"

"प्रोग्रॅमने."

"आणि त्याला शिकवलं कोणी?"

मी लॅपटॉप उघडून फोटो मोठा केला. कॅसेटच्या पाठीवर पिवळट कागद, त्यावर निळ्या शाईचं एक अक्षर आणि खाली काकांच्या काळ्या पेनातलं ११. डोक्यावरची रेघ पुसट झाली की घ चा ध दिसतो. यंत्राने ध वाचलं होतं.

"भंगारात गेली," मी म्हणाले.

काका ओरडले नाहीत. कपाटाचा कोपरा धरून हळूहळू खुर्चीपर्यंत आले. "लोक ध चा मा करतात," ते म्हणाले, "तू घ चा ध केलास." हे विनोदासारखं होतं, पण ते हसले नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. काकू न्हाणीघरात पडल्या त्या दिवशी काका रुग्णालयाच्या अडकलेल्या लिफ्टवर होते. आत सात माणसं. फोन वाजत होता, ते लिफ्टच्या विहिरीत होते, आणि नंतर कळूनही लिफ्ट मोकळी होईपर्यंत निघाले नाहीत. घरी पोहोचायला चार तास लागले. काकू त्यानंतर दोन महिने होत्या, अंथरुणावर. त्या दोन महिन्यांत एका दुपारी, काका कामावर असताना, त्यांनी खालच्या मजल्यावरच्या फोटोग्राफरला बोलावून स्वतःचं काहीतरी रेकॉर्ड करून घेतलं. कॅसेट काकांच्या हातात देऊन म्हणाल्या, "मी गेल्यावर बघा."

"काय आहे तिच्यात?"

"बघितली असती तर सांगितलं असतं."

"एकोणीस वर्षांत एकदाही नाही?"

"मला माहीत आहे ती काय विचारणार. ऑपरेशनच्या आधी बघायची ठरवली होती. नंतर डोळे असतील-नसतील."

"आणि दुसरा दोर?"

"नाही."

"साठ कॉमेड्यांना दोन-दोन दोर आणि काकूंना एकच?"

"कॉपी करायची तर चालवावी लागते," काका म्हणाले. "चालवली की दिसते."

मी चप्पल घालून निघाले तेव्हा चहा गॅसवरच होता. त्यांनी तो बंद केल्याचा आवाज जिन्यात आला.

भंगाराचं दुकान दोन रस्ते सोडून होतं. पत्र्याच्या छपराखाली मालकीणबाई वजनकाट्याशी बसल्या होत्या आणि आत एक म्हातारे गृहस्थ हातोडीने कॅसेटी फोडत होते. शांतपणे, अक्रोड फोडावेत तसे. प्लास्टिक एका पोत्यात. फीत जमिनीवर. तिचा गुडघाभर ढीग झाला होता, काळा-तपकिरी, चकचकीत, कोणाचे तरी केस कापून टाकावेत तसा. वाऱ्याने तो जरासा हलला.

"थांबवा," मी म्हणाले. "ते माझं खोकं आहे."

"काल दिलंत, आज तुमचं?" मालकीणबाई म्हणाल्या. "चोरीचा माल आहे का?"

"एक कॅसेट चुकून आली. घरची आहे. धमालच्या कॅसेटींत मिसळली."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमचं तोंड काही धमालचं दिसत नाही. बाबा, हातोडी ठेवा जरा."

खोक्यात सत्तावीस उरल्या होत्या. मी एकेक उचलून पाठ बघत गेले. पहिल्या वीसमध्ये नव्हती. मग मी ढिगाकडे बघायचं सोडून दिलं, कारण बघितलं की हात चालेना. तेविसावी उचलली. पिवळा कागद. निळी शाई. एका कोपऱ्याला तडा गेला होता, पण फीत आतच होती.

मालकीणबाईंनी ती जुन्या पिशवीत गुंडाळून दिली. "घरचं घरी ठेवावं," एवढंच म्हणाल्या.

काका दारातच उभे होते. मी कॅसेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कानाशी धरून हळूच हलवली, काहीतरी किंचित वाजलं. "सैल आहे," ते म्हणाले. "मशीन खाऊन टाकेल." दोघांनी मिळून पाच स्क्रू काढले. त्यांनी बोटांनी चक्र्या चाचपल्या, मी डोळ्यांनी. फीत दुसऱ्या, धड कॅसेटच्या कवचात बसवली. फीत एकोणीस वर्षं एकाच जागी बसलेली. चालेल, नाहीतर पहिल्याच मिनिटाला तुटेल. म्हणून मी ठरवलं, जे दिसेल ते दिसतानाच लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं. पहिला फेरा हाच कदाचित शेवटचा फेरा.

"बसा," मी म्हणाले.

काका बसले नाहीत. "तू बघ आधी. बघ आणि मला अक्षर सांग."

"काका, ती तुमच्यासाठी आहे."

"अक्षर सांग, मग मी ठरवतो."

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. मी आवाज अगदी कमी करून बटण दाबलं. मशीन घरघरलं, पडद्यावर आडव्या रेघा आल्या, आणि रेघांतून काकू वर आल्या. उशांना टेकून बसलेल्या, केस विंचरलेले, अंगावर चांगली साडी. मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा आठ वर्षांची होते. त्यांचा आवाज मी विसरले होते हे मला आवाज आल्यावर कळलं.

प्रत्येक सेकंदाला मला वाटत होतं, आता तुटेल. एक डोळा मशीनवर, एक काकूंवर. काकू काकांच्या नकला करत होत्या. प्रेशर कुकरला कान लावणारे काका. जत्रेतल्या पाळण्यात बसायच्या आधी पाळणेवाल्याची उलटतपासणी घेणारे काका. दारात उभे राहून "अक्षर कुठलं" विचारणारे काका. मधेच धाप लागायची, त्या थांबायच्या, पाणी प्यायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. कॅमेऱ्यामागचा फोटोग्राफर हसत होता, चित्र हलत होतं. मीही हसले, आणि लगेच गॅलरीकडे बघितलं. काकांची मान किंचित वळली होती.

चौदाव्या मिनिटाला काकूंचं हसणं थांबलं. त्या सरळ कॅमेऱ्याकडे बघून बोलल्या. मग पुन्हा हसल्या, पण आधीसारखं नाही. शेवटी त्यांनी शेजारून पिवळा कागद आणि पेन उचललं. "फोटोग्राफर, हे चिकटवा तुमच्या कॅसेटवर. ध लिहितेय. हे विचारल्याशिवाय बघायचे नाहीत." कागद त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. डावीकडे सुटी गाठ, स्वच्छ, ठसठशीत. ध.

यंत्राने बरोबर वाचलं होतं. चुकीचं वाचलं होतं काकांनी, पहिल्याच दिवशी, आणि अकरा आकडा घालून घरच्यांत नेऊन ठेवलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं त्या अक्षराकडे त्यांनी नीट बघितलंच नसणार.

पडदा निळा झाला. मी गॅलरीत गेले.

"तुटली?" त्यांनी विचारलं.

"नाही. पूर्ण उतरली. दुसरा दोरही झाला."

"अक्षर?"

"ध."

"चेष्टा नको करूस."

"त्यांनीच लिहिलंय, काका. कॅमेऱ्यासमोर. तो घ नव्हताच."

ते खाली रस्त्याकडे वळले. त्यांना किती दिसत होतं कोण जाणे. मला तिथेच थांबता आलं असतं. पण न सांगता अंगावर आलेलं त्यांना चालत नाही.

"चौदाव्या मिनिटाला मात्र भ आहे," मी म्हणाले.

"काय म्हणते?"

"म्हणतात, लिफ्टमध्ये सात होते आणि मी आठवी. माझा नंबर शेवटी लागणार हे मला ठाऊक होतं, तरी दाराकडे बघत होते."

काकांनी कठडा धरला.

"किती वेळ आहे तो भ?"

"अर्धं मिनिट."

"नंतर?"

"नंतर परत ध. तुमचा दाढीचा ब्रश आणि कापसाच्या बोळ्यांची गोष्ट."

"ती कशाला सांगितली त्या फोटोग्राफरला," ते म्हणाले.

ते आत आले, खुर्ची ओढून टीव्हीच्या इतक्या जवळ बसले की गुडघे काचेला लागले. मी लॅपटॉपवरची प्रत टीव्हीला जोडली. काकू आल्या आणि काका डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत त्यांना आपल्या फटीत शोधू लागले. "जरा वर," मी म्हणाले. "अजून. हां."

"केस विंचरलेत तिने," ते म्हणाले.

कुकरच्या नकलेला ते हसले नाहीत. पाळण्याच्याही नाही. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते, आणि मी त्यांच्या कानाशी मिनिटं सांगत होते, म्हणजे काही अचानक यायला नको. दहा. अकरा. काकू पाणी प्यायल्या. बारा.

"तेरा," मी म्हणाले. "थांबवू का?"

"आता सांगू नकोस," काका म्हणाले, आणि हात खुर्चीवरून काढून मांडीवर ठेवले.