अंगणवाडीच्या सतरंज्या

चंद्रभागाबाईंना मी पहिल्यांदा घाबरलो ती तारीख मला पाठ आहे, पण सांगत नाही. ग्रामसेवकाच्या तारखांवर कोण विश्वास ठेवतो? साल २००३ एवढं धरा. गाव दिंडोरी तालुक्यातलं.

गावात दारूबंदीचं मतदान लागलं होतं. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला, की दारूचं दुकान बंद. गावात दोन तट पडले. सरपंच सखुबाई बंदीच्या बाजूच्या. त्यांच्या शब्दावर मी महिला-बालकल्याणाच्या पैशातून प्रचाराची रिक्षा आणि भोंगा लावला. एका तटाच्या प्रचाराला पंचायतीचा पैसा वापरता येत नाही, म्हणून बिल केलं : ‘अंगणवाडीसाठी सतरंज्या, बारा नग.’ चांगल्या कामाला थोडं खोटं चालतं, असं मला तेव्हा वाटायचं.

चंद्रभागाबाई भाजी पिकवून नाशिकला विकायच्या. नवरा सोमा रोज त्याच दुकानातून झोकांड्या खात घरी यायचा. म्हणजे बंदीची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच.

महिला सभेत खर्च वाचून दाखवायचा असतो. एरवी मी घरोघर वही फिरवून अंगठे घ्यायचो. या खेपेला बाई म्हणाल्या, “आधी सभा लावा, वाचा.” सभा भरली अंगणवाडीतच. मी आपला खाली मान घालून वाचत सुटलो.

“भाऊसाहेब,” बाई म्हणाल्या, “बारा सतरंज्या आल्यात, मंग आम्ही फरशीवर का बसलोय?”

बायका हसल्या. मला रिक्षाचं खरं सांगावं लागलं, तेव्हा हसू थांबलं.

“चंद्रे, गप बस,” सखुबाई चिडल्या. “तुझ्या नवऱ्यासाठीच चाललंय ना हे?”

“म्हणूनच बोलते. पोरांच्या बुडाखालचं काढून माझा संसार नको. रिक्षा बंद करा, पैसे भरा. आपण पायी फिरू.”

पैसे मी पगारातून भरले. दुकानदार सहादूनं खुशीत बाईंच्या घरी पेढे धाडले. बाईंनी पुडा तसाच नेऊन त्याच्या गल्ल्यावर आपटला. “तुझ्यासाठी नाय बोलले मी!”

मग त्या उंबरे झिजवत हिंडल्या. तरी नऊ मतं कमी पडली. माझ्या लबाडीला विटून काही बायका मतदानाला आल्याच नव्हत्या. गावानं मात्र खापर बाईंवर फोडलं. पाणवठ्यावर त्यांच्याशी कोणी बोलेना. मीही तोंड उघडलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

दीड वर्षानं पुन्हा मतदान झालं. पंचायतीचा एक रुपया न लागता बाटली आडवी झाली. सोमा त्याच्या चार महिने आधी गेला होता. लिव्हर संपलं होतं त्याचं.

निकालाच्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. म्हणालो, “बाई, माझ्यामुळं उशीर झाला.”

“झाला,” त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.