दगडूकाकांचे सात थांबे

ट्रान्सपोर्टवाल्या मित्रांनो, आज मी पुरता अडकलोय.

परळीत वीज केंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकांचं जीपीएस मी बघतो. कोणती गाडी कुठं आणि का थांबली, याचा रोजचा रिपोर्ट मीच सुरू केला. मालक लई खूश होते.

आज आमचे जुने ड्रायव्हर दगडूकाका यांचा ट्रक चौसाळ्यापर्यंतच्या दोन-अडीच तासांच्या वाटेत सात वेळा थांबलेला दिसला. मालक म्हणाले, “डिझेल विकतोय म्हातारा. विचार त्याला.”

मी फोन लावला. काका हळू आवाजात म्हणाले, “शुगर वाढली हाय रे बाबा. सारखं लघवीला उतरावं लागतं. मालकाला सांगू नको, गाडी काढून घेतील.”

खरं लिहिलं तर काकांची गाडी जाते. न्हाई लिहिलं तर ते चोर ठरतात.

तुम्ही काय लिहिलं असतं? कारणाचा रकाना रिकामा सोडला तर रिपोर्ट पुढं जातच न्हाई. तशी सोय मीच करून घेतलीय.