बिनटपाच्या मोटारीतली माझी वरात

मंडळी, मला लिहिता येत नाही. मी बोलतेय, नात टाईप करतेय. गोड करून लिहिलं तर तिचा कान धरीन.

माझ्या लेकाचं सुप्याला गॅरेज आहे. तिथं त्यानं एक जुनी, बिनटपाची मोटार दुरुस्त केली. बसायला दोनच जागा. आज सकाळी त्याच्याशेजारी मीच बसले.

रस्त्याला पळस लालभडक फुललाय. आंब्याच्या मोहोराचा वास थेट नाकात! वाऱ्यानं डोक्यावरचा पदर उडाला. मी उडू दिला.

गावाच्या वेशीत थोरल्या जाऊबाई भेटल्या. "अगं, या वयात वरात काढली का? पदर तरी घे!"

लेक पुटपुटला, "आई, घे की. लोक बघत्यात."

"बघू दे. आक्का, माझ्या वरातीत पदर नाकापत्तूर हुता. बैलांच्या शेपट्या तेवढ्या दिसल्या. आज रस्ता दिसतोय."

मग लेकाला म्हटलं, "आता चावडीपुढनं घे." तिथून मी जन्मभर मान खाली घालून गेले. आज बाकावरच्या म्हाताऱ्यांकडं नीट बघितलं. माना त्यांनीच खाली घातल्या.

बायांनो, तुमच्या गावात असा कुठला रस्ता आहे, जो तुम्ही अजून मान वर करून बघितलाच नाही?