परिपत्रकांच्या पाठीवरचा सिनेमा

आमच्या ताईचा परवा सत्कार झाला आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. मी उगाच आकांडतांडव करतोय असं घरचे म्हणतात. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

ताई आरोग्य खात्यात चित्रकार. हात धुवा, पाणी उकळून प्या, असली पोस्टरं रंगवायची. चित्र हलवता येतं हे तेव्हा आमच्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं. ताईनं एका माशीची चाळीस चित्रं काढली, खात्याच्या कॅमेऱ्यानं एकेक टिपली, आणि पडद्यावरची माशी उडून ताटावर बसली. पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनी तिला हातानं हाकललं म्हणे. शिकवायला कुणी नव्हतं, सगळं हिनं स्वतःच्या डोक्यानं केलं. साहेब म्हणाले, "छान. आता डासाचं करा."

तिला डास नको होता. तिला दीड तासाचा सिनेमा करायचा होता. एक म्हातारी आपल्या आंधळ्या घोडीला समुद्राचा आवाज ऐकवायला घेऊन निघते, एवढीच गोष्ट. त्याला चित्रं लागणार पासष्ट हजार. "तुला वेड लागलंय," असं मीही म्हणालो होतो, कबूल करतो. एवढा कागद आणायचा कुठून? खात्यात परिपत्रकांच्या उरलेल्या प्रती रद्दीत जायच्या. साहेबांना विचारून ताईनं त्या घेतल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काढत राहिली. बावीस वर्षं. जेवणाच्या सुट्टीत, सुटीच्या दिवशी. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात क्रमांक. मावशीनं लग्नाचं काढलं की म्हणायची, "घोडी टेकडीवर आहे, आधी उतरू दे."

उतरली घोडी. सगळे गठ्ठे क्रमानं कपाटात लागले, कॅमेऱ्याची तारीख मिळाली, आणि ताई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर गेली.

तेवढ्यात खात्यात नवा दफ्तरदार आला. फार शिस्तीचा. त्यानं कपाट उघडलं, गठ्ठे उलटे केले, म्हणजे त्याच्या मते सुलटे, आणि छापील बाजू बघून एकूण एक कागद विषयवार, तारीखवार लावला. चहाच्या वेळेची परिपत्रकं एका फायलीत, छत्र्या कुठे ठेवाव्यात याची दुसरीत. भोकं पाडून, दोरी ओवून. या कामगिरीबद्दल त्याला प्रशस्तिपत्र मिळालं, आहात कुठे!

ताई साहेबांकडे गेली. "एकही कागद हरवलेला नाही, बाई," ते म्हणाले. "मग काळजी कसली?"

काळजी कसली, म्हणे. ती म्हणाली, मी इथेच बसून पुन्हा क्रम लावते. तर आता ते दफ्तर झालं होतं आणि दफ्तराची दोरी सोडता येत नाही. तीन वर्षं ती अर्ज करत राहिली. शेवटी निवृत्तीचा दिवस उजाडला आणि त्याच लोकांना एकदम कौतुकाचे उमाळे आले.

सत्कारात साहेबांनी अर्धा तास स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मग ताईला तिचंच एक चित्र काचेच्या चौकटीत घालून भेट दिलं. कान टवकारलेली घोडी. ताईनं तिथल्या तिथे मागचे खिळे नखानं वळवले, कागद बाहेर काढला आणि कोपरा बघितला.

"हे एकेचाळीस हजार दोनशे सहावं," ती म्हणाली. "याच्या पुढचं द्या."

लोक हसले. साहेबही हसले. "अर्ज करा," म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईनं चौकट माझ्या हातात दिली. कागद घेऊन निघाली, रिकामी चौकट घेऊन मी मागोमाग. फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. त्यानं कागद उलटला आणि छापील मजकूर वाचला.

"हे दफ्तर आहे. बाहेर नेता येणार नाही."

"आत्ताच भेट दिलंय मला."

त्यानं वर फोन लावला, दोनदा "हो साहेब" म्हणाला आणि फोन ठेवला. "चौकटीत होतं तोवर भेट होती, बाई. आता सुटा कागद आहे."

मी खूप भांडलो. ताईनं मला गप्प केलं आणि कागद त्याच्या हातात दिला. मग त्यानं माझ्याकडची चौकट मागून-पुढून तपासली, आणि ती मात्र नेऊ दिली.