टिकटिकमामांची शेवाळाची कॅप्सूल

टिकटिकमामा गच्चीवरच्या टाकीतलं शेवाळ चमच्याने खरवडून खातात, ही बातमी जिना आधी चढली. मामा मागून धापा टाकत आले. बातमीला तिखटमीठ लागलेलंच होतं. खरं एवढंच, की मधुमेहात शेवाळाच्या कॅप्सूलने साखर उतरते का, हे मोठ्या इस्पितळात तपासत होते आणि मामांनी त्यात नाव घातलं होतं. अर्ध्या लोकांना खरी कॅप्सूल, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली, ते तिथल्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. रोजच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या, ही अट.

मामा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून उभा जन्म गेला, आणि आता साखर नेमकी डोळ्यांवरच उठली होती. भिंगाखालचा स्क्रू कधी एक दिसे, कधी दोन, कधी नुसतं धुकं. गिऱ्हाइकाला ते ऐटीत सांगत, "पार्ट यायचाय, पुढच्या आठवड्यात या." पार्ट कसला! यायची होती ती नजर.

पहिल्याच कॅप्सूलनंतर त्यांना ढेकर आला. "गवताचा वास! माझी खरी आहे!"

"काल पालेभाजी खाल्लीत ती," मामी म्हणाल्या.

पण बुडत्याला काडी सापडली होती. साखर जराशी उतरलीही. तेव्हा मामांच्या डोक्यात किडा वळवळला. घड्याळातला एक पार्ट तपासायचा तर दुसरे बाजूला काढून ठेवतात. मग शेवाळाचा दम बघायचा तर गोळ्यांची लुडबुड कशाला? सकाळी मामी पेला घेऊन समोर उभ्या. मामा गोळी गालात धरत, वर पाणी पीत, हसत आणि दुकानात जाऊन खणात थुंकत. साखर भराभर चढली. इस्पितळात विचारलं, की "घेतो की गोळ्या!" मनात म्हणत, शेवाळ अजून रुजतंय.

एके दिवशी भरदुपारी डाव्या डोळ्यासमोर काळं जाळं उतरलं. चिमट्यातली स्प्रिंग निसटली. मामा जमिनीवर रांगत चाचपडू लागले. मामी डबा घेऊन आल्या त्या तशाच शोधायला बसल्या. स्प्रिंग सापडली नाही. उघड्या खणात एकमेकींना चिकटलेल्या गोळ्यांचा गठ्ठा मात्र सापडला. मामींनी तो रुमालात बांधला आणि मामांचा हात धरून तडक इस्पितळ गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी रुमाल पाहिला, मग मामांचा डोळा. "आतून रक्तस्राव झालाय. उजवा वाचवायचा तर आजपासून इन्सुलिन. आणि तपासणीतून तुम्ही बाद."

"बाद? अहो, माझी कॅप्सूल खरी होती की खोटी, तेवढं तरी सांगा."

"ते आत्ता मलाही कळणार नाही. त्याने आता काही बदलतही नाही. मामा, दर खेपेला माझ्या तोंडावर खोटं बोललात तुम्ही!"

मामी पदराने डोळे पुसत होत्या. मामांनी डॉक्टरीणबाईंच्या आवाजाच्या रोखाने मान वळवली. ती जरा चुकून भिंतीकडे वळली.

"बाई, खोटी कॅप्सूल वाटायची मुभा तुम्हाला, आणि खोटं बोललो म्हणून गुन्हेगार मी? बरं, गुन्हेगार तर गुन्हेगार. पण इंजेक्शन किती भरायचं ते हिला शिकवा. मला त्यावरचे आकडे दिसत नाहीत."