लक्षद्वीपचा परवाना आणि हक्कसोडीचा कागद

"या दोन बायका हायेत," हवालदार म्हणाले. "मी कुणाची वर्तणूक चांगली म्हणून लिहू?"

श्रीगोंद्याच्या पोलीस ठाण्यात त्यांच्या टेबलावर दोन कागद होते. रेशन कार्डावर नाव होतं सुमन विठ्ठल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर होतं हिरा ज्ञानदेव. आडनावं मी इथे मुद्दाम गाळतोय. दोन्ही कागद एकाच बाईचे होते आणि त्या बाई माझ्या शेजारी बाकावर बसल्या होत्या.

"हवालदारसाहेब, हिरा हे माहेरचं नाव, सुमन सासरचं. लग्नात नाव बदलतातच की आपल्याकडे."

"मला सांगता व्हय? माझ्या बायकोचंबी बदललंय. पन कागदाला ठाऊक हाय का ते?"

हवालदार बरोबर होते आणि चूक माझी होती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. नगरला सावेडीत माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. एक टेबल, एक फोन, भिंतीवर भारताचा नकाशा आणि त्याच्या शेजारी फ्रेम केलेली माझी बी.कॉम.ची पदवी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांनी आयुष्यभर रस्त्याची खडी फोडली. त्याच रस्त्यांवरून लोकांना फिरायला पाठवायचा धंदा मी काढला, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे.

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले अकरा जण बायकांसह माझ्याकडे आले. एकूण बावीस माणसं. काशी झाली होती, रामेश्वर झालं होतं. त्यांचे पुढारी विठ्ठलराव. वजनकाट्यावरचे क्लार्क. ते म्हणाले, "साहेब, ट्रका मोजून डोळं गेलं. आता चारीकडं नुसतं पानी असंल असं कायतरी दाखवा." मी नकाशावर केरळच्या डावीकडे बोट ठेवलं. लक्षद्वीप. नगर जिल्ह्यातून तिकडे ग्रुप नेणारा मीच पहिला असणार, अशी माझी समजूत होती.

लक्षद्वीपचं गणित इतर ट्रिपांपेक्षा वेगळं. बाकी देशात तिकीट काढा आणि जा. तिथे आपल्याच देशातल्या माणसालाही परवाना लागतो. प्रत्येकाचा वेगळा, नावानिशी. त्यासाठी फॉर्म, फोटो आणि आपल्या पोलीस स्टेशनचा दाखला, की या माणसावर गुन्हा नाही. कोचीहून जहाज सुटतं. दिवसा बेटावर फिरायचं, संध्याकाळी परत जहाजावर येऊन झोपायचं. झोपायच्या जागेला बर्थ म्हणतात. बर्थ मोजके असतात. ठरलेल्या तारखेपर्यंत कागद कोचीला पोचले नाहीत, तर तुमचा बर्थ पुढच्या माणसाला जातो. आणि परवान्याशिवाय जहाजाच्या शिडीवरसुद्धा कोणी पाय ठेवू देत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरी चुकलो.

बावीस फॉर्म मी विठ्ठलरावांच्या ओसरीवर एका दुपारी भरून घेतले. मी विचारायचो, नवरे उत्तरं द्यायचे. बायका चहा देत होत्या. ज्या बायका शाळेत गेल्याच नव्हत्या त्यांचं काम सोपं झालं. डॉक्टरकडून वयाचा दाखला आणला, त्यावर सासरचंच नाव आलं. सुमनबाईंनी मात्र ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला शाळेचा दाखला आणला. सातवी पास. मला फार बरं वाटलं. "काकू, हाच लावू. पक्कं काम होईल," म्हणालो. मी इयत्ता वाचली. नाव वाचलंच नाही. तिथून तो दाखला बाकीच्या कागदांबरोबर पोलीस स्टेशनात गेला, त्यावर आवक नंबर पडला, आणि आता तो परत काढून घेता येत नव्हता.

"मग प्रतिज्ञापत्र करू?" मी हवालदारांना विचारलं.

"करा. पन प्रतिज्ञापत्र काय, कोनबी करतं. त्याला जोडायला जुना सरकारी कागद आना. दोनी नावं एकाच ओळीत पाहिजेत. साहेब त्याशिवाय सही करनार न्हाईत."

विठ्ठलराव इतका वेळ दारात उभे होते. ते पुढे आले. "साहेब, एवढी कटकट कशाला? हिच्या जागी माझ्या भावाला घ्या."

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे यात्रेच्या गाडीत असंच चालतं. सीट घराची असते. ऐनवेळी नवऱ्याऐवजी दीर येतो, सासूऐवजी जाऊ येते. गाडी भरल्याशी मतलब.

"विठ्ठलराव, ही यात्रेची गाडी नाही. बर्थ नावाचा आहे. काकू नाही तर कोणीच नाही."

"मग मी एकटा जाऊ म्हनता?"

सुमनबाईंनी मान वर केली. "जावा की. आजपतुर समद्या सहली एकट्यानंच केल्या. मी मेली कधी आडवी आले?"

हवालदारांनी रजिस्टरात तोंड घातलं. विठ्ठलराव कुणाला तरी भेटायचंय म्हणून बाहेर पडले.

मी सुमनबाईंना घेऊन बाहेर झाडाखाली उभा राहिलो. लग्नाची नोंदणी नव्हती. लग्नपत्रिकेवर हिरा. सुमन हे नाव नवरदेवाने ताटातल्या तांदळात बोटाने लिहिलं. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले असणार. नाव कागदावर आलं ते थेट रेशन कार्डावर.

"काकू, आठवा. बँक, पोस्ट, सोसायटी, कुठेतरी दोन्ही नावं एकत्र?"

त्यांनी बोटांवर एकेक मोजून पाहिलं. मग म्हणाल्या, "हाय एक. हक्कसोडीचा."

वडील वारले की बहिणी जमिनीतला वाटा भावांना सोडून देतात, त्याचा रजिस्टर केलेला कागद म्हणजे हक्कसोड. त्यात बहिणीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं लिहितात. म्हणजे पुढे कोणी उठून म्हणायला नको की ती मी नव्हेच.

"झालं की मग! रजिस्ट्रार ऑफिसातून नक्कल काढतो."

"न्हाई," त्या एकदम म्हणाल्या. "भावाला, रंगनाथाला न विचारता कागद काढायचा न्हाई. त्याच्या कानावर गेलं तर म्हनल, आक्का जमीन मागायला उठली. बेट बघायला मिळालं न्हाई तरी चालंल, भाऊ. माहेर तुटाया नगं."

"मग तुम्ही विचारा."

"मी कशी विचारू?"

म्हणून मी गेलो. कोचीला कागद रवाना करायला आठ दिवस उरले होते. रंगनाथ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, घोडेगावजवळ वस्तीला. बाजाराचा दिवस होता. मी स्कूटर काढली आणि जनावरांच्या बाजारात त्याला शोधून काढलं. एका खोंडाचा सौदा चालू होता. उपरण्याखाली त्याचा हात व्यापाऱ्याच्या हातात. बोटांनी भाव सांगायचा, तोंडाने नाही, अशी तिथली रीत.

"रंगनाथराव, मी आक्कांकडून आलोय. हक्कसोडीच्या कागदाची झेरॉक्स पाहिजे."

त्याचा हात उपरण्याबाहेर आला. सौदा मोडला. व्यापारी माझ्याकडे बघत निघून गेला.

"वकील हायेस का?"

"नाही. ट्रॅव्हल्सवाला."

"आन जमिनीचा कागद मागतोस? रान रोडला लागून हाय माझं. भाव चढलं म्हनून आक्काला आठवन झाली व्हय?"

मी त्याला माहितीपत्रक दाखवलं. निळं पाणी, पांढरी वाळू, माड. त्याने ते उलटंसुलटं केलं.

"हितं आक्का जानार?"

"हो."

"कशाला?"

"बघायला."

"हितं देऊळ तर दिसंना."

"नाहीच. नुसता समुद्र."

"आन समुद्र बघायला माझ्या रानाचा कागद लागतो. चांगलं हाय की!"

त्याच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. मी आडपडदा ठेवला नाही. सरळ सांगितलं, की नक्कल मला रजिस्ट्रारकडूनही मिळते. अर्ज केला की झालं. पण आक्का म्हणाल्या, रंगनाथला विचारल्याशिवाय नाही, माहेर तुटायला नको. म्हणून मी इथे उभा आहे. "कागद माझ्या हातात देऊही नका. आठ दिवसांत श्रीगोंद्याच्या ठाण्यात तुम्ही स्वतः घेऊन या. हवालदारांना दाखवा आणि परत न्या."

"बगतो," तो म्हणाला आणि खोंडाचं दावं सोडायला वळला.

धंद्यात एवढं कळतं, की बघतो म्हणजे नाही. तरी मी स्वतःहून नक्कल काढली नाही. काढता आली असती. पण मग क्लायंटने स्पष्ट सांगितलेलं मोडल्यासारखं झालं असतं. मी एकवीस दाखले तयार ठेवले. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला कुरियर नगरहून निघणार होतं.

त्या दिवशी सकाळी दहाला आम्ही पोलीस स्टेशनात होतो. मी, सुमनबाई आणि विठ्ठलराव. प्रतिज्ञापत्र हातात, जोडायला काही नाही. साडेदहाला एस.टी.तून रंगनाथ उतरला. काखेत खताच्या पिशवीची घडी. तो बहिणीशी बोलला नाही. टेबलाशी गेला, पिशवी उलगडली, कागद काढला आणि त्यावर तळहात दाबून उभा राहिला.

"वाचा. पन हात लावू नका."

"हात काढल्याबिगर वाचू कसं?" हवालदार म्हणाले.

त्याने दोन बोटं सरकवली. तेवढ्या फटीतून हवालदारांनी मोठ्याने वाचलं, "हिरा ज्ञानदेव उर्फ सुमन, भ्रतार विठ्ठल." भ्रतार म्हणजे नवरा. कागदावर सगळं एका ओळीत होतं. "झालं. याची झेरॉक्स जोडा."

"फक्त पहिल्या पानाची," रंगनाथ म्हणाला. मग बहिणीकडे न बघताच, "आक्का, तू तूच हायेस हे सांगाया मला ठान्यात यावं लागलं."

सुमनबाई बाकावरून उठल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. "त्या दिशी मी ह्यावर सही केली, तवा तू कोन म्हनून कुनी विचारलं न्हाई. लगेच घेतली."

रंगनाथने कागदावरचा तळहात उचलला. कागद स्वतःच हवालदारांपुढे सरकवला आणि म्हणाला, "घ्या. समद्या पानांची काढा."

एका पानाचीच लागत होती. हवालदारांनी एकाचीच घेतली. साहेबांची सही बाराला झाली. मी टॅक्सी करून नगर गाठलं. तीनच्या कुरियरला बावीस पाकिटं गेली आणि बावीसच्या बावीस परवाने आले. सुमनबाईंच्या परवान्यावर दोन्ही नावं छापून आली.

ट्रिप छान झाली. मोठं जहाज बेटाला लागत नाही. समुद्रात उभं राहतं आणि प्रवासी छोट्या होडीतून ये-जा करतात. होडी हलायची आणि चढताना सगळ्यांचा जीव वरखाली व्हायचा. वेगळा परवाना काढून बरोबर गेलेला माझा माणूस सांगत होता, की दर वेळी पहिल्यांदा सुमनबाई चढायच्या आणि मग हात देऊन विठ्ठलरावांना ओढून घ्यायच्या. त्या ग्रुपकडून पुढे मला तीन ग्रुप मिळाले.

मी शिकलो ते एवढंच. त्या आठवड्यातच मी ऑफिसचा फॉर्म नव्याने टाइप करून घेतला. बायकांच्या फॉर्मवर पहिला रकाना टाकला, माहेरचं पूर्ण नाव. आजही माझ्यासमोर जोडपं बसलं, की उत्तर द्यायला आधी नवरा तोंड उघडतो. त्या रकान्यापाशी बहुतेक जण अडखळतात. मी फॉर्म बाईंकडे फिरवतो आणि पेन त्यांच्या हातात देतो.