कॉटला लावलेली तारखांची चिठ्ठी

थोरल्याला एखादी वस्तू टाकताना वाईट कसं वाटत नाही, याचा आईला घोर लागून राहिला होता. बाकी त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. व्यसन नाही, उधळपट्टी नाही, बायकोवर आवाज चढवणं नाही. पण वडील गेले त्याच आठवड्यात त्याने त्यांचं कपाट रिकामं केलं, आतून ओल्या फडक्याने पुसलं आणि दारं उघडी ठेवून वाळवलं. कोट समोरच्या इमारतीच्या वॉचमनला दिला. सत्पात्री दिला, वाया नाही घालवला; पण पुढे दोन हिवाळे आईला नवऱ्याचा कोट परक्याच्या अंगावर फाटकाशी उभा दिसायचा. थोरल्यालाही तो दिसतो का, हे तिने कधी विचारलं नाही.

तो सार्वजनिक वाचनालयात सतरा वर्षं होता. सुरुवात बांधणीच्या खोलीत झाली. सुटलेली पानं शिवायची, पाठीला नवं कापड लावायचं आणि खळीने बरबटलेली नखं घेऊन घरी यायचं. मग देवघेवीची खिडकी मिळाली. आता कुठली पुस्तकं बाद करायची, ते ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पाच वर्षांत तिच्यावर शिक्का पडला नसेल, तर पुस्तक बाहेर.

"पुस्तक चांगलं आहे का, हे आम्ही विचारतच नाही," तो सांगायचा. "चांगली काय, सगळीच असतात."

दीड वर्षापूर्वी त्याने आणि सुनेने तिच्या नोकरीजवळ दोन खोल्यांची जागा घेतली. ताबा यंदा मिळायचा होता. चार खोल्यांचा संसार दोन खोल्यांत कोंबायचा, म्हणून त्याने वाचनालयातली घर आवरण्याची पुस्तकं एकामागून एक घरी आणली. तिथे तशी दोन फळ्या भरून होती आणि त्यांना मागणीही भारी. एक म्हणे खोलीवार आवरा, दुसरं म्हणे कपड्यांपासून सुरुवात करा. तिसऱ्याचा सल्ला असा की, खोकं सहा महिने उघडावं लागलं नाही, तर न उघडताच देऊन टाका. फोटोंना शेवटी हात लावायचा, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. त्याने सगळी वाचली, दोन पुस्तकांच्या पाठी निघाल्या होत्या त्या शिवल्या आणि परत केली. घरात नियम लावला तो वाचनालयाचाच. मिक्सर, इस्त्री, शिडी, सगळ्यांना चिठ्ठ्या लागल्या. वस्तू वापरली की शिक्का, वर्षभर शिक्का नाही की निरोप.

सून काही कमी नव्हती. माहेरचं मोठं पातेलं वाचवायला तिने एकदा त्यात नुसतं पाणी उकळलं.

"मार शिक्का."

"ही फसवणूक आहे."

"तुमच्याकडून पुस्तक नेणारा प्रत्येक जण वाचतो का रे?"

त्याने शिक्का मारला. आईला फोनवर हे ऐकून हसू आवरेना.

सामान हलवायच्या आधी एका रविवारी आई हातभार लावायला गेली. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. मागच्या खोलीत पाहुण्यांची घडीची कॉट भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चिठ्ठीवर ओळीने तीन शिक्के होते. आई तीन रात्री राहून गेली होती, तेव्हाचे. खाली कोरा कागद.

"ही शनिवारी जाणार," थोरला खोक्याला दोर बांधता बांधता म्हणाला. "एका वसतिगृहाला हवी आहे."

"वर्ष झालं वाटतं?"

"चौदा महिने."

"मग मी आले तर झोपू कुठे?"

"येणार आहेस?"

"तसं नाही रे, आपलं विचारलं."

"मी दर महिन्याला विचारतो, कधी येतेस. तू म्हणतेस, बघू."

यात टोमणा नव्हता. पुस्तक दुसऱ्याकडे गेलंय, हे खिडकीतून ज्या आवाजात सांगायचा, तोच आवाज.

"आई, तुमचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं," सून वर्तमानपत्रात कप गुंडाळत म्हणाली. "याला अजून कळायचंय."

"कळलंय की," थोरल्याने गाठ आवळली. "म्हणून तर कॉट जातेय."

तिघंही हसली. आईही हसली आणि कप गुंडाळू लागली.

संध्याकाळी गाडीत मात्र ती खिडकीबाहेर बघत बसली. मुलाच्या घरी मान राहायला हवा तर मुक्काम थोडा ठेवावा, अशा समजुतीने ती 'बघू' म्हणत आली होती. एवढं म्हटल्यावर कोणी तरी म्हणेल, बघू काय, बॅग भर नि ये, असं तिला वाटायचं. पण थोरला आग्रह करणाऱ्यांतला नव्हता. तो विचारायचा आणि मिळालेलं उत्तर खरं धरायचा. लहानपणीही एकदा नको म्हटलं की दुसऱ्यांदा मागायचा नाही. किती शहाणं पोर, म्हणून तिने ते चारचौघांत मिरवलं होतं.

घरी पोचल्यावर शेजारणीने विचारलं, "राहिली नाहीस ती?"

"त्यांच्याकडे जागा कुठे आहे आता," आई म्हणाली. दार लावल्यावर तिला आपल्या बोलण्याची लाज वाटली. जागा अजून होती, शनिवारपर्यंत.

पुढचे चार दिवस तिने कारणं जुळवली. गुडघा दाखवायचा आहे, गॅलरीला रंग द्यायचाय, घरात वास सहन होणार नाही. एकेक कारण उलटून पाहिलं आणि सोडून दिलं. गुडघा दुखतो म्हणाली, तर तो डॉक्टरची वेळ घेऊन देईल आणि त्याच रात्रीच्या परतीच्या गाडीचं तिकीट काढेल.

शुक्रवार उजाडला. दीड ते दोन देवघेवीची खिडकी बंद असते, तेव्हा तो डबा खातो. दीडला फोन करायचा, असं तिने ठरवलं. सरळ सांगायचं: कॉट देऊ नकोस, एक तारखेला मी येतेय. त्याने किती दिवस म्हणून विचारलं, तर पंधरा म्हणायचं.